मालवणात एकच दिवस, सोबत ज्येष्ठ मंडळी आणि मुलं: खासगी गाईड घ्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही सहा जण पुण्याहून तारकर्लीला येताय: तुम्ही दोघं, सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. बाकीचे दिवस नात्यातल्या लग्नात जाणार, फिरायला पूर्ण दिवस एकच. एका एजंटने विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापर्यंत अकरा ठिकाणांची यादी पाठवून गाडी आणि गाईड मिळून एक रक्कम सांगितली आहे. ती रक्कम रास्त आहे का आणि गाईड घेण्यात अर्थ आहे का, की गाडी करून आपलं आपण फिरावं, हे तुम्हाला हवंय.

मी मालवणचाच, आणि लोकांना हा किनारा दाखवणं हाच माझा व्यवसाय. त्यामुळे गाईड घ्या असं मी म्हणणारच, असं तुम्हाला वाटू शकतं. गाईडची गरज कधी नसते तेही पुढे लिहितो. पण रकमेच्या आधी ती यादी बघू, कारण खरी अडचण यादीत आहे.

मालवणहून विजयदुर्ग ७५ ते ८० किलोमीटर उत्तरेला. वेंगुर्ला ४५ ते ५० किलोमीटर दक्षिणेला. दोन्ही टोकं एका दिवसात करायची तर मालवणमार्गे जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर सहज होतात. हे महामार्गाचे किलोमीटर नव्हेत. खाड्यांना वळसे, चढउतार, प्रत्येक गावाची तिठ्यावरची बाजारपेठ, समोरून एसटी आली की गाडी कडेला. सरासरी ताशी ३० ते ३५ किलोमीटर धरा. म्हणजे साडेसात ते आठ तास नुसते गाडीत. डिसेंबरअखेर इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आत मावळतो. अकरा तासांच्या उजेडातले आठ तास प्रवासात गेले तर उरलेल्या तीन तासांत अकरा ठिकाणं आणि जेवण. एजंटची रक्कम रास्त असली तरी असा दिवस तुमच्या सासूबाईंसाठी शिक्षा होईल, आणि मुलांना संध्याकाळी विचारलंत तर त्यांना फक्त गाडी लागल्याचं आठवेल.

त्यामुळे किती ठिकाणं होतील हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. तीन पिढ्यांच्या सहा माणसांना एका दिवसात हा किनारा नीट भेटेल असं काय करता येईल, असा विचार करा. खासगी सहलीचे जास्त पैसे आपण ज्यासाठी मोजतो ती गोष्ट एकच: क्रम आणि वेळ आपल्या हातात राहते. बसच्या सहलीत दहा वाजता किल्ला म्हणजे दहालाच किल्ला, मग समुद्र कसाही असो. आणि किनाऱ्यावर क्रमाला फार महत्त्व आहे. तेच ठिकाण सकाळी आठला एक असतं आणि दुपारी दोनला दुसरंच.

याचं पहिलं कारण वारा. थंडीच्या दिवसांत रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो. तो मंद असतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी अगदी शांत राहतं. ऊन चढलं की वारा फिरतो आणि दुपारनंतर समुद्राकडून चांगला जोर धरतो. लाटा फार मोठ्या होतात असं नाही, पण छोटी बोट हलायला लागते, धक्क्याला लागताना खालीवर होते, आणि नेमक्या त्याच क्षणी बोटीतून पाय बाहेर टाकायचा असतो. तरुण माणूस उडी मारून मोकळा होतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईंना तो एक पाऊलभराचा टप्पा डोंगराएवढा होतो. म्हणून बोटीची सगळी कामं दुपारी बाराच्या आत उरकायची. आमच्याकडचे बोटवाले ओळखीच्या माणसाला स्वतःहून सांगतात, "सकाळीच जावा, दुपारी वारो सुटतलो." अनोळखी गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, कारण बोट तर दुपारीही सुटतेच.

दुसरं कारण भरती-ओहोटी. तुम्ही नक्की तारीख लिहिलेली नाही, म्हणून हिशोबच सांगतो. कोकणात जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. तिथी दोन्ही पक्षांत एकपासून मोजायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सुमारे सहा तासांनी, भर दुपारी, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी अकरा-सव्वाअकराला भरती आणि संध्याकाळी पाचच्या पुढे ओहोटी, आणि तीही उधाणाची, पाणी खूप आत जाणारी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. पक्की वेळ भरतीच्या कोष्टकात मिळते, पण दिवसाची आखणी करायला कालनिर्णयचं पान पुरतं.

याचा तुमच्याशी संबंध असा. एजंटच्या यादीत 'त्सुनामी बेट' आहे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे नदीच्या तोंडाजवळ हा वाळूचा पट्टा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं इथे सांगतात. ओहोटीला तो उघडा पडतो, भरतीला त्यावर पाणी येतं. तुमचा दिवस पौर्णिमेच्या आसपास असेल आणि कुणी तुम्हाला सकाळी अकरा वाजता तिथे नेलं, तर बघायला बेटच नसेल. नुसतं पाणी आणि त्यात बोटींची गर्दी. अष्टमीच्या आसपासचा दिवस असेल तर हीच फेरी अकरा वाजता छान होते. ज्याला ही गोष्ट विचारल्यावर मोबाईल न उघडता अंदाज सांगता येतो, तो गाईड कामाचा.

आता सिंधुदुर्ग. एका दिवसात एकच गोष्ट करायची असेल तर मी डोळे झाकून हा किल्ला निवडेन, आणि गाईडचे पैसे वसूल होतात तेही इथेच. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पाया घातला गेला आणि सुमारे तीन वर्षांत हा जलदुर्ग उभा राहिला. बांधकामाची धुरा हिरोजी इंदुलकरांकडे होती. ४८ एकरांचं बेट आणि त्याला जवळजवळ तीन किलोमीटरची नागमोडी तटबंदी. पायात शिसं ओतून दगड बसवले. हे सगळं फलकावर वाचता येतं आणि वाचून विसरताही येतं. बोटीतून जाताना मात्र मुलांना एकच काम द्या: दरवाजा शोधा. मालवणच्या धक्क्यावरून निघालं की तट समोर दिसतो, बुरूज दिसतात, झेंडा दिसतो, पण दार कुठेच दिसत नाही. बोट जवळ जाते तरी समोर सलग भिंतच. अगदी धक्क्याला लागताना दोन बुरुजांच्या मधे वळण दिसतं, आणि त्या वळणाच्या आत दार. समोरून आलेल्या शत्रूला दाराची रेघसुद्धा दिसू नये, तोफेचा गोळा सरळ दारावर बसू नये, आणि कुणी वळणात शिरलाच तर दोन्ही बुरुजांवरून मारा व्हावा. ही युक्ती नऊ वर्षांच्या मुलाला स्वतः शोधल्यावर जन्मभर लक्षात राहते. शिवाय बोट सरळ रेषेत का जात नाही तेही त्याला विचारायला सांगा. पाण्याखाली खडकांची रांग आहे, त्यातून वाट काढत जावं लागतं. तटाच्या आधीची ती पहिली तटबंदी. परक्या गलबताला ही वाट माहीत नसायची.

आत गेल्यावर बोटवाले साधारण तासभराची वेळ देतात आणि त्याच बोटीने परत यायचं असतं. तासात सगळा किल्ला होत नाही, तेव्हा निवड करावी लागते. दाराजवळ चुन्यात उमटलेले शिवाजी महाराजांच्या हाता-पायाचे ठसे, तिथून शिवराजेश्वर मंदिर, मग दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी. चहूकडे खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी, हे बघून मोठी माणसंसुद्धा थबकतात. शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांनी बांधलं. आतली मूर्ती वीरासनात बसलेली आहे आणि तिला दाढी नाही. नेहमीची चित्रं बघितलेली मुलं हे लगेच टिपतात आणि प्रश्न विचारतात. तटावर चढणाऱ्या पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत. त्या मुलांनी आणि तुम्ही चढाव्यात. सासऱ्यांनी तब्येत बघून ठरवावं. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, त्यांच्या अंगणातून आपण चालतोय हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

सासूबाईंबद्दल. त्यांनी किल्ल्यात जाऊच नये असं मी म्हणणार नाही. दारापासून मंदिरापर्यंतची वाट बऱ्यापैकी सपाट आहे. प्रश्न फक्त बोटीत चढण्या-उतरण्याचा. हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: त्या दिवशीचा वारा, धक्क्याच्या पायरीपासून पाण्याची पातळी किती खाली आहे ते, आणि त्यांचा स्वतःचा धीर. सकाळी लवकर, शांत पाण्यात, एक खलाशी बोटीत आणि एक माणूस धक्क्यावर असे दोघं हात द्यायला असतील तर त्या वयाच्या अनेक बायका व्यवस्थित जातात. त्यांना मुंबई-पुण्याच्या घाईची सवय असेल तर आधी बजावा की बोट पूर्ण थांबेपर्यंत उठायचं नाही. धक्क्यावर पोचल्यावर त्यांना भीती वाटली तर आग्रह करू नका. त्यांच्यासाठी दांडी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा हा उत्तम पर्याय आहे. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा झाली ती याच खडकाशी. त्यावर गणपती आणि सूर्य-चंद्र कोरलेले आहेत, आणि समोर पाण्यात अख्खा किल्ला दिसतो. सासरेही थांबले तर दोघांची सकाळ छान जाईल, आणि तुम्हाला त्यांना एकटं सोडल्याची रुखरुख राहणार नाही. इथे गाईडचा दुसरा उपयोग कळतो: तो तुमच्याबरोबर किल्ल्यात आला तर ओळखीचा ड्रायव्हर त्यांच्याजवळ हवा. हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा.

सकाळी लवकर किनाऱ्यावर असाल तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं, दिसण्याची शक्यता आहे, आणि दिसली तर बाकी सगळं अर्धा तास पुढे ढकला. होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकत जातात, जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर असतात. मग दोन रांगा दोन दोर ओढत हळूहळू एकमेकांकडे सरकत येतात. रांगेत पोरं असतात, म्हातारे असतात. शेवटचा टप्पा आला की पाणी चंदेरी होऊन उसळायला लागतं, घारी खाली उतरतात, टोपल्या घेऊन बायका पुढे येतात. तारली, पेडवे, बांगडे जे मिळेल त्याचे वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. तुमच्या मुलांनी दोराला हात लावला तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, पण आधी विचारा. ताणलेला दोर ओलांडू नका आणि मासळी वाळूवर येताच मोबाईल घेऊन मधे घुसू नका. तो त्यांच्या मजुरीचा हिशोब चाललेला असतो. रापण ठरवून दाखवता येत नाही. कुणी 'रापण शो' असं यादीत लिहिलं असेल तर तो माणूस टाळा.

स्कूबाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण यादीत आहे म्हणून लिहितो. नऊ वर्षांच्या मुलाला अजिबात नको. पॅडी या स्कूबा शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमाप्रमाणे 'डिस्कव्हर स्कूबा', म्हणजे नवख्यांची पहिली डुबकी, करायलाही किमान वय १० वर्षं लागतं. इथे काही जण 'काही होत नाही, आम्ही धरतो' असं म्हणतील. त्यांचं ऐकू नका. मुलीला चालेल, पण दमा, कानाचं दुखणं किंवा सर्दी असेल तर नाही. परतीचं विमान चिपीहून किंवा मोप्याहून त्याच दिवशी असेल तरीही नाही. अडचण अशी की स्कूबा आणि किल्ला दोघांनाही सकाळचंच शांत पाणी लागतं. मुलीचा हट्ट असेल तर ती आणि वडील साडेसातला स्कूबाला जातील, तोपर्यंत बाकीचे दांडीवर थांबतील, आणि दहाला सगळे मिळून किल्ला. हे जमतं. पण नाताळच्या आठवड्यात दहाला धक्क्यावर रांग लागलेली असते, उन्हात उभं राहावं लागतं, आणि सासूबाईंच्या बोटीसाठीची सर्वांत चांगली वेळ हातची जाते. माझ्या मते या खेपेला स्कूबा सोडा. मुलगी परत येईलच.

बारा वाजता किनारा सोडायचा. दुपारचं ऊन आणि वारा दोन्ही नको असतात. जेवणाची ऑर्डर सकाळी फोनवरून द्या, विशेषतः त्या आठवड्यात, नाहीतर ताटासाठी दीड तास बसावं लागेल. घरगुती खानावळीत त्या दिवशी कोणता मासा ताजा आहे ते विचारून मग ठरवा. मेन्यूकार्डात सगळंच छापलेलं असतं. शाकाहारी कुणी असेल तर काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या आणि सोलकढी आधी सांगितली की मिळते, ऐनवेळी मिळत नाही. जेवून तारकर्लीच्या मुक्कामी दोन तास झोपा. एजंटच्या यादीत ही झोप कधीच नसते, कारण तिचे पैसे लावता येत नाहीत. पण ज्येष्ठांची संध्याकाळ त्या दोन तासांवर ठरते.

तीनच्या सुमारास परत निघायचं, पण समुद्राकडे नव्हे, आत. अर्ध्या-पाऊण तासावर धामापूरचा तलाव आहे. १५३० साली बांधलेला, काठावर भगवती देवीचं मंदिर, भोवती दाट झाडी. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. तेव्हा अडवलेलं पाणी जवळजवळ पाचशे वर्षांनीही वापरात आहे, हे बघण्यासारखं आहे आणि सासूबाईंना सावलीत बसूनच दिसतं. तिथून नेरूरपारच्या पुलावरून कर्ली नदी ओलांडायची. वाटेत मन झालं तर वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर, नाहीतर सरळ परुळ्यावरून भोगव्याकडे.

भोगव्याला उतरण्याआधी रस्ता डोंगरावरून जातो. तिथे गाडी थांबवा. थोड्याच पावलांवर खाली सगळं उलगडतं: नदी डावी-उजवीकडे रेंगाळत येते, समोर समुद्र, आणि दोहोंच्या मधे माडांची एक अरुंद पट्टी. ती पट्टी म्हणजे देवबाग. तुमचा मुक्काम त्याच पट्टीच्या वरच्या टोकाला आहे. सकाळपासून आपण ज्या पाण्याच्या कडेने फिरलो ते एका नजरेत दिसतं, आणि हे बघायला ना बोट लागते ना पायऱ्या. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा. परतीला नदीला वळसा असल्याने तासापेक्षा जास्त वेळ लागतो आणि रस्ता अंधारा आहे. सासूबाई दुपारनंतर थकल्या असतील तर भोगवं सोडून धामापुराहूनच मागे फिरा आणि सूर्यास्त तारकर्लीच्या वाळूवर बघा. हा निर्णय धामापुरातच घ्यायचा, कारण पूल ओलांडल्यावर मागे फिरण्यात काही वाचत नाही.

म्हणजे दिवस असा झाला: सकाळी बोट आणि किल्ला, दुपारी विश्रांती, उतरत्या उन्हात तलाव, संध्याकाळी भोगवं किंवा तारकर्ली. तारीख ओहोटीच्या सोयीची असेल तर किल्ल्यानंतर मुलांसाठी देवबागची छोटी फेरी बसते, नसेल तर नाही. विजयदुर्ग, कुणकेश्वर आणि देवगड हा वेगळा एक दिवस आहे. वेंगुर्ला, शिरोडा आणि रेडीचा गणपती हा आणखी एक.

आता पैसे. मी सांगितलेला दिवस शंभर ते सव्वाशे किलोमीटरचा आहे, एजंटचा अडीचशेच्या पुढचा. तेव्हा त्याच रकमेवर घासाघीस करू नका, नवा भाव मागा. आणि तीन आकडे वेगळे मागा: गाडी, गाईड, बोटीची तिकिटं. गाडी 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' अशा हिशोबाने असते, वरच्या तासाला आणि किलोमीटरला जादा. तुमचा दिवस दहा-अकरा तासांचा होईल, दुपारी ड्रायव्हर थांबेल तेही धरतात. तेव्हा जादा तासाचा दर आधी लिहून घ्या. गाडी पिवळ्या पाटीचीच हवी. खासगी नंबरची गाडी स्वस्त मिळते, पण भाड्याने चालवताना अपघात झाला तर विम्याचे वांधे होतात.

एक बारीक गोष्ट, जी आयत्या वेळी सगळ्यांना अडवते. तुम्ही सहा, ड्रायव्हर सातवा. एर्टिगा तिथेच भरली. गाईड कुठे बसणार? आठ जणांची इनोव्हा घेतली तर मागच्या रांगेत तिघं दाटीने बसतात आणि सामानाला जागा उरत नाही. सासूबाईंना मधल्या रांगेत दाराजवळचीच जागा हवी. तेव्हा एकतर गाडी चालवणाराच जाणकार असावा, किंवा गाईडने आपल्या दुचाकीने धक्क्यावर यावं, किंवा टेम्पो ट्रॅव्हलर घ्यावी. देवबागच्या अरुंद रस्त्यावर टेम्पो ट्रॅव्हलरला त्या आठवड्यात त्रास होतो, म्हणून तुमच्यासाठी मी दुसरा पर्याय घेईन.

यातूनच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर निघतं. तुम्हाला दिवसभर गाईड लागत नाही. चांगला ड्रायव्हर दिवसभर आणि चांगला गाईड फक्त सकाळी, किल्ल्यासाठी. धामापूर आणि भोगव्याला रस्ता माहीत असलेला माणूस पुरतो. तुम्ही दोघंच तरुण असता आणि हातात तीन दिवस असते, तर गाईडची तेवढीही गरज नव्हती. धक्क्यावर जाऊन बोट पकडली असती आणि चुकत-माकत फिरण्यातही मजा आली असती. एकच दिवस आणि सोबत दुखरा गुडघा असताना तसं फिरायला वाव नाही, म्हणून अर्ध्या दिवसाचा गाईड घ्याच.

तो निवडताना फोनवर तीन गोष्टी विचारा. त्या दिवशी भरती किती वाजता? यातलं काय गाळाल? आणि गुडघा दुखणाऱ्या बाईंना बोटीत कसं चढवाल, स्वच्छतागृह कुठे आहे? पहिल्या प्रश्नाला अंदाज यायला हवा. दुसऱ्याला 'काही गाळायला नको, सगळं करू' असं उत्तर आलं तर फोन ठेवा. तिसऱ्याला जो उलट प्रश्न विचारेल, ऑपरेशन किती महिन्यांपूर्वीचं, काठी लागते का, त्याला नक्की करा. शिवाय स्पष्ट सांगा की काजूच्या दुकानात आणि वॉटर स्पोर्ट्सच्या काउंटरवर थांबायचं नाही. अशा थांब्यांवर कमिशन असतं, म्हणून तुम्ही नको म्हटल्यावर भाव थोडा वाढेल. तो वाढीव भाव आनंदाने द्या.

शेवटची बाब समुद्राची. पावसाळ्यात, २६ मे ते ३१ ऑगस्ट, प्रवासी बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. डिसेंबरमध्ये तो प्रश्न नाही. तरी अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आलं तर बंदरावर धोक्याचा बावटा लागतो आणि बोटी थांबतात. असं झालं तर बोटीच्या तिकिटाचे आणि गाईडचे पैसे परत मिळणार का, आगाऊ रक्कम किती कापणार, हे मेसेजवर लिहून घ्या. त्या दिवशी किल्ल्याऐवजी सकाळीच धामापूर आणि वालावल करून, दुपारी पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, बघता येईल. ते कुडाळला लागूनच आहे आणि सगळं छपराखाली.

तारीख नक्की झाली की इथेच लिहा, आणि सासूबाईंना जिना चढताना कठड्याचा आधार लागतो का तेही. भरतीची वेळ आणि पहिल्या बोटीसाठी तारकर्लीहून कधी निघायचं ते सांगतो.